तीन तोंडं आणि रिकामे डबे

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी समाजशास्त्राला प्रकल्प करावा लागे. मी विषय घेतला होता, घरोघरी धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांचा दिवस. आम्ही लखनौला मानक नगरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत हेल्पर होते. कॉलनीच्या मागच्या वस्तीतून सकाळी बायका निघत आणि साहेबांच्या बंगल्यांतून, आमच्यासारख्यांच्या क्वार्टरांतून संध्याकाळपर्यंत फिरत. त्यांतल्या चाळीस जणींना मी प्रश्न विचारणार होते.

मॅडमनी छापील प्रश्नावली दिली होती. ती बायकांना वाचता येत नव्हती. मी वाचून दाखवली तर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येई : "सब अच्छा है, दीदी." पाणी भरणं अच्छा, दुसऱ्याची भांडी घासणं अच्छा, नवरा अच्छा. चार दिवस मी असे "अच्छा" गोळा करत होते आणि घरी येऊन कागद आपटत होते.

आई हे बघत होती. आई वर्ध्याकडची, दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. अलीगंजमध्ये राहणाऱ्या बँकेतल्या तीन-चार मराठी मुलांचे जेवणाचे डबे ती करायची. बसच्या पाट्या ती रंगावरून ओळखे. ती म्हणाली, "तोंडं काढ न बाप्पा. लिहिलेलं नाही वाचता येत, पण तोंड तर सगळ्यायले वाचता येते."

मग मी पुठ्ठ्याची तीन कार्डं केली. एकावर हसरं तोंड, एकावर रडवं आणि एकावर मधलं : दोन ठिपके आणि खाली सरळ रेघ. दिवसातल्या पाच कामांची चित्रं काढली. पाणी, स्वयंपाक, कामाची घरं, मुलांचा अभ्यास, आणि पाचवं काम नव्हतं, दुपार होती, मधे तासभर घरी येण्याची. प्रत्येक चित्रापुढे बाईनं एक तोंड ठेवायचं. एकीची उत्तरं एका कागदावर. पहिला कागद आईवरच करून पाहिला आणि चाळिसांत धरला. तिनं हळद लागलेल्या बोटांनी कार्डं ठेवली, आणि हसऱ्या तोंडाच्या गालावरचा तो पिवळा ठसा पुढे एकोणचाळीस घरं फिरला.

आणि गंमत म्हणजे, "सब अच्छा" बंद झालं. बायका कार्ड हातात घेऊन विचार करू लागल्या. एक जण तर पाण्याच्या चित्रापुढे रडवं तोंड ठेवून म्हणाली, "दूसरा नहीं है? इससे भी ज़्यादा रोने वाला?"

हे सगळं मी मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी कार्डं उलटीसुलटी करून पाहिली. त्या वाईट नव्हत्या, फक्त धास्तावल्या होत्या. म्हणाल्या, "देखो, मेहनत तो की है. पर ये नर्सरी का काम लगता है. बाहर से जो परीक्षक आएँगी, उन्होंने मान लिया तो ठीक, नहीं तो प्रोजेक्ट वापस."

वापस म्हणजे काय, ते मला माहीत होतं. निकाल अडकणार, आणि तोपर्यंत एम.ए.च्या फॉर्मची तारीख निघून जाणार. आमच्या घरात एम.ए.चा फॉर्म कुणी भरला नव्हता, कारण बी.ए.चाही कुणी भरला नव्हता. बाबांनी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवली होती आणि रोज सकाळी दाढी करताना ते तिकडे बघायचे. बोलायचे काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मॅडम शेवटी म्हणाल्या, "स्लाइड ज़रा ढंग की बनाना. पुट्ठे मत ले आना वहाँ." म्हणजे तोंडं आता पुठ्ठ्यावरून कॉम्प्युटरवर न्यायची होती.

मी कॉम्प्युटर घरी पाहिलेला नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये जेवढा हाताला आला तेवढाच. माझी धाकटी बहीण अकरावीत होती, तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीतून यायचं. ती म्हणाली, "ताई, इमोजी डाल दो ना. दो मिनट का काम है."

ते दोन मिनिटांचं काम मी तीन आठवडे करत होते.

बाबांच्या फोनवर तोंडं सुरेख दिसत होती. पिवळी, गोल, लिंबासारखी. मी ती तिन्ही एका मेलमध्ये टाकून स्वतःलाच पाठवली आणि अलीगंजच्या सायबर कॅफेत जाऊन मेल उघडला. आईचे डबे पोचवायला मी तिकडे जातच होते. कॅफेत ती तोंडं पिवळी नव्हती. काळ्या बारीक रेघांची झाली होती, जणू कुणी त्यातलं रक्त काढून घेतलं होतं. हसरं आणि मधलं, दोन्ही लांबून सारखीच दिसत. मी अक्षरांचा आकार वाढवला, रंग पिवळा केला. तर रेघाच पिवळ्या झाल्या आणि पांढऱ्या स्लाइडवर काहीच दिसेना. तरीही चाळीस बायकांची उत्तरं एकेक करून चिकटवली. पाच स्लाइडी, प्रत्येकीत चाळीस तोंडं. पाठ आखडली. पेन ड्राइव्ह ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सेमिनार रूममध्ये सगळ्यांची तालीम होती. तिथला कॉम्प्युटर फार जुना. चालू होताना आतून गिरणीसारखा आवाज यायचा. माझी पहिली स्लाइड पडद्यावर आली आणि तोंडं नव्हतीच. तोंडांच्या जागी चौकोन होते. रिकामे, एकसारखे, ओळीनं चाळीस चौकोन.

"ये डिब्बे क्या हैं?" मॅडमनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मैम, मानक नगर से आई है. रेल वाली है, डिब्बे तो जोड़कर लाएगी ही."

दुसरा म्हणाला, "इंजन अगली स्लाइड में है."

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, मग त्यांनी हसणं आवरलं. मीसुद्धा हसले, कारण न हसण्यासाठी जो धीर लागतो तो माझ्यात नव्हता. पुढच्या स्लाइडवर पुन्हा चाळीस डबे आले, तेव्हा मागून कुणीतरी हळूच शिट्टी वाजवली.

मला राग त्या मुलांचा आला नाही. राग आला चौकोनांचा. तोंड दाखवता येत नाही तर कॉम्प्युटरनं तसं सांगावं. काहीच दाखवू नये. पण नाही, तो नेमका चाळीस डबे मोजून मांडतो, म्हणजे काहीतरी होतं आणि ते मीच हरवलं असं सगळ्यांना वाटावं.

वर्गातल्या एका मैत्रिणीकडे नवा लॅपटॉप होता. ती विकास नगरात राहायची. तिच्याकडे बसून सगळं पुन्हा करायचं ठरलं, तर त्या दिवशी विकास नगरात सकाळपासून लाइट नव्हती. म्हणून ती लॅपटॉप घेऊन स्कूटीवरून आमच्याकडे आली. आईनं तिला पोहे दिले. मैत्रिणीनं पेन ड्राइव्ह लावला आणि तोंडं एकदम रंगीत झाली. मी ओरडलेच. आईला हात धरून आणलं, "बघ, तुझा कागद. प्रत्येक स्लाइडवर पहिलं तोंड तुझं."

आईनं पदराला हात पुसले आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. "पाणी हे बरोबर हाय. सैपाक बरोबर. आन् हे दुपारचं कोणाचं?"

"तुझंच आहे. तू मधलं तोंड दिलं होतंस दुपारला."

"हे माह्यं तोंड नाही होय. हे त वैतागलं हाय."

मी नीट पाहिलं. त्या लॅपटॉपवरचं मधलं तोंड खरंच वेगळं होतं. रेघ सरळच होती, पण डोळे असे काही होते की कुणीतरी रांगेत उभं राहून कंटाळलंय असं वाटावं.

"आई, तेच आहे ते. प्रत्येक कॉम्प्युटरवर थोडं वेगळं दिसतं."

"असं कसं वेगळं दिसते? मी दुपारले शांत तोंड देल्लं होतं. तू कायले बदलवलं?"

"मी नाही बदललं!" माझा आवाज चढला. "मशीन बदलतं. मी काय करू?"

"आंटी, फ़ॉन्ट का प्रॉब्लम है," मैत्रीण समजुतीनं म्हणाली.

आईला फॉन्ट कळला नाही, पण मुलगी चिडली आहे एवढं कळलं. ती आत जाता जाता म्हणाली, "बाकीच्या बायायचं काय त्या सांगतील, पण माह्यं तोंड नीट लाव."

तिचं ते बोलणं मी ऐकलं, पण कानात घेतलं नाही. त्या वेळी मला एकच दिसत होतं, की लॅपटॉपवर काही होऊन उपयोग नाही. विभागाचा नियम होता, स्लाइडी आधी जमा करायच्या आणि सगळ्यांनी सेमिनार रूमच्या त्याच गिरणीवर दाखवायच्या.

मी पुन्हा कॅफेत गेले. कॅफे चालवणारे भैया पान चघळत माझी झटापट आठवडाभर पाहत होते. त्यांना बहुतेक कीव आली. खुर्ची ओढून ते बाजूला बसले. "आप ये मोबाइल वाला चक्कर छोड़िए. विंगडिंग जानती हैं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी कीबोर्ड ओढला, इंग्रजी कॅपिटल जे दाबला, फॉन्टच्या यादीत खाली खाली जाऊन विंगडिंग निवडला, आणि जे-चं हसरं तोंड झालं. के दाबला, मधलं. एल दाबला, रडवं. कीबोर्डवर तिन्ही शेजारी शेजारी.

"ये हर मशीन में है. पुरानी से पुरानी में."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तिन्ही तोंडं साधी होती, काळी, पण ठळक, आणि मधलं तोंड हुबेहूब माझ्या पुठ्ठ्यावरचं. दोन ठिपके, सरळ रेघ. मी पाच स्लाइडी तिसऱ्यांदा केल्या. जे, के, एल, जे, जे, एल. दुपारच्या स्लाइडवर तर बोट के-वरून उचलावंच लागलं नाही, जवळपास सगळ्याच जणींनी मधलं दिलं होतं. त्याबद्दल अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं आणि ते मला फार आवडायचं : "दुपारच्या वेळेबाबत बहुतांश स्त्रिया उदासीन आहेत." वाक्य हिंदीत होतं, पण उदासीन दोन्हीकडे उदासीनच. पुस्तकातल्यासारखं वाटायचं.

जमा करायच्या दिवशी मी सेमिनार रूमच्या कॉम्प्युटरवर स्वतः उघडून पाहिलं. तोंडं होती. सगळी. मी पाची स्लाइडी दोनदा पुढेमागे केल्या आणि मग विभागाच्या ऑपरेटर बाबूजींकडे फाइल दिली. घरी जाताना टेम्पोत मी इतकी खूश होते की उतरायचा स्टॉप चुकला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाबूजी दारातच भेटले. प्रेमळ माणूस. सगळ्या मुलींना बिटिया म्हणायचे.

"बिटिया, तुम्हारे में कई फ़ॉन्ट थे. विभाग का नियम है, एक ही फ़ॉन्ट चाहिए. हमने सब मंगल कर दिया है."

मंगल हा हिंदीचा फॉन्ट. त्यांनी सगळं एकदम निवडून मंगल केलं होतं. मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. कळला तो पडद्यासमोर उभी राहिल्यावर.

पहिली स्लाइड. पाणी भरना. आणि खाली ओळीनं :

L L L J L K L L

पाचही स्लाइडींवर इंग्रजी अक्षरं. चाळीस बायका, आणि एकीलाही तोंड नाही.

मागून कुणी काही बोललं नाही, कारण बाहेरच्या परीक्षक समोर बसल्या होत्या. सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, हातात माझा अहवाल. पण खोकल्याचे आवाज मला ओळखू आले. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"ये वर्णमाला किसलिए है?" परीक्षक बाईंनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

मी सांगायला लागले. विंगडिंग, मग मंगल, मग पिवळी तोंडं, मग डबे. कुठून सुरू करावं तेच कळेना. माझी हिंदी चांगली होती, पण त्या दिवशी मध्येच मराठी यायला लागली. मी म्हणाले, "मैम, ये तोंड थे. मतलब चेहरे. कंप्यूटर ने खा लिए."

आता खोकले उघड झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. तीन आठवडे मी चार मशिनींच्या पाया पडत होते. आणि कॅलेंडरवरची ती लाल गोल तारीख मला तिथे, भिंतीवर, पडद्याच्या शेजारी दिसायला लागली.

पुठ्ठ्याची कार्डं माझ्या बॅगेत होती. मॅडमनी आणू नको म्हटलं होतं तरी होती, कारण मी ती बॅगेतून कधी काढलीच नव्हती. मी मॅडमकडे न बघता ती काढली आणि परीक्षक बाईंच्या टेबलावर ठेवली. पाच चित्रंही ठेवली. म्हटलं, "ऐसे पूछा था."

त्यांनी चष्मा लावला. हसऱ्या तोंडावरच्या हळदीच्या ठशाला बोट लावून बघितलं. मग पडद्यावर शेवटची स्लाइड लावायला सांगितली. दुपारची. के, के, के, के, जे, के, के.

"ये के कौन सा है?"

मी मधलं कार्ड दाखवलं.

"रिपोर्ट में आपने इसे उदासीन लिखा है. ये नाम उन्होंने दिया या आपने?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. आईचं बोलणं आत्ता माझ्या कानात शिरलं. मी दुपारले शांत तोंड देल्लं होतं.

"मैंने," मी म्हटलं. "मेरी माँ ने इसे शांत कहा था. पहला काग़ज़ उन्हीं का है. मैंने... मैंने ध्यान नहीं दिया."

"और बाक़ी औरतों ने?"

"पूछा नहीं, मैम."

मला वाटलं, संपलं. मीच माझ्या तोंडानं प्रकल्प परत पाठवला. परीक्षक बाई बराच वेळ के-च्या रांगेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दोपहर में इनके घर कोई नहीं होता होगा. आदमी काम पर, बच्चे स्कूल. एक घंटा." त्या हे मला सांगत होत्या की स्वतःला, ते कळलं नाही. मग मॅडमना म्हणाल्या, "तरीक़ा ठीक है. शब्द ग़लत है. वापस नहीं करूँगी. हफ़्ते भर में जाकर पूछे कि इस चेहरे का क्या मतलब था, और वो पन्ने बदलकर दे."

आणि कार्डं परत देताना माझ्याकडे वळून, "बेटा, इनकी फ़ोटो खींचकर स्लाइड में लगा देतीं. पाँच मिनट का काम था."

हे मला तीन आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. यातलं दुसरं जास्त खरं.

मी पुन्हा ती सगळी घरं फिरले. मधलं कार्ड दाखवायचं आणि विचारायचं, हे काय आहे? काहींना आठवत नव्हतं. काही हसल्या, "फिर आ गई दीदी." एकीनं कार्ड हातात घेऊन सांगितलं, "ये? ये तब का है जब कोई आवाज़ नहीं देता." तीन-चार जणींचं खरंच उदासीनच होतं, तेही मी लिहिलं. बाकीच्यांचं नव्हतं.

पानं टाइप करून बाबूजींकडे नेली. त्यांनी ती आनंदानं मंगल करून दिली. तोंडांच्या जागी पुन्हा जे, के, एल. या वेळी मी ती अक्षरं सरळ पुसून टाकली. तोंडांच्या जागा मोकळ्या ठेवून तीन प्रती छापून घेतल्या, घरी आणल्या आणि दुपारी जमिनीवर पसरून काळ्या बॉलपेननं तोंडं काढायला बसले. हसरी, रडवी. बहिणीनं वर्तुळं काढून दिली आणि पन्नासाव्या वर्तुळाला म्हणाली, "इमोजी दो मिनट का काम था ना, ताई?" मी तिला पेन फेकून मारला.

आई अलीगंजचे डबे घासून आली, बाजूला टेकली आणि म्हणाली, "आण, मधली मी काढतो. दोन ठिपके आन् एक रेघ, एवढं त येते मले."

मी पेन दिला. तिनं तो पोळपाटावरचं लाटणं धरावं तसा धरला. आजवर मी तिला कागदावर सहीशिवाय काही काढताना पाहिलं नव्हतं, आणि सहीलाही ती पाच मिनिटं घ्यायची. दुपारच्या पानावरची तिन्ही प्रतींतली मधली तोंडं तिनं काढायला घेतली. कॉलनीत त्या वेळी अगदी सामसूम होती. पंखा फिरत होता तेवढाच.

अर्ध्यावर मी वाकून पाहिलं आणि पुन्हा वैतागले. "आई, रेघ सरळ काढ ना. कडेला वर चाललीय बघ. हसल्यासारखं दिसतं, मग ते जे होईल."

आईनं कागद लांब धरून पाहिला.

"होईना का मंग जरासं," ती म्हणाली आणि पुढचे दोन ठिपके द्यायला वाकली.